चाराण्याचा भार

कुळवावर बसायला मिळणं म्हणजे आमच्या लहानपणी मोठी बढती होती. आमची जमीन सांगली जिल्ह्याच्या पूर्व अंगाची, माळाची. वर चार बोटं माती आणि खाली मुरूम. कुळवाची फास जमिनीत धरायची नाही, उडत उडत जायची. मग तात्या बैल थांबवायचे, इकडंतिकडं बघायचे आणि म्हणायचे, "बस रं वर." पोरगं हाताशी नसलं तर एखादा धोंडा. पोराची आणि धोंड्याची तिथं किंमत एकच. पण आम्हाला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट आपल्या वजनानं ढेकळं फुटतायत, आपण कामाला आलो, या खुशीत आम्ही ढुंगण सोलवटून घ्यायचो.

उडायला लागलं की वर वजन ठेवायचं, हा आमच्या घरातला पहिला नियम. कुळवाला तोच, बैलाला तोच आणि माणसालाही तोच.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील लवकर गेले, त्यामुळं घरात शब्द तात्यांचा. शेती पोटापुरती नव्हती म्हणून त्यांनी स्पीकरचा धंदा काढला. लग्न, बारसं, जत्रा, गणपती. दोन कर्णे, एक मशीन, बारा व्होल्टची बॅटरी आणि रेकॉर्डींची एक पत्र्याची पेटी. बॅटरी भरून आणायला तालुक्याला सायकलवरून जावं लागे. आधी चावीचा फोनो होता. गाव त्याला फोनूच म्हणायचं. तो मागं पडला आणि बॅटरीवर चालणारा हलका प्लेअर आला, झाकण लावलं की पेटीसारखा हातात धरून नेता येणारा.

या धंद्यात सगळ्यात चांगला हात होता तो आक्काचा. आक्का तात्यांची थोरली लेक, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. परगावच्या सुपारीला तिला कोण नेणार? पण घरी रेकॉर्डी पुसणं, पिना बदलणं, कुठली रेकॉर्ड कुठल्या पाकिटात हे बघणं तिचंच. आणि गावातलं, भावकीतलं लग्न असलं की मशीनजवळ तीच. जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओला करून, पिळून, ती रेकॉर्ड खाचेच्या दिशेनं पुसायची. आडवं फडकं कधी मारलं नाही. आणि सुई ठेवायची ती अशी, की कर्ण्यातून "खर्र" आलं नाही कधी. तात्या ठेवायचे तेव्हा अख्ख्या मांडवाला कळायचं. आक्कानं ठेवली की एकदम गाणंच सुरू व्हायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते सांगतो.

साल १९७०-७१ असेल. मी अकरा वर्षांचा. भावकीत लग्न होतं. एका तमाशापटातली लावणी तेव्हा गावाला वेड लावून होती, तिची छोटी पंचेचाळीस फेऱ्यांची रेकॉर्ड तात्यांनी नवी आणली होती. आक्कानं ती लावली आणि बायकांनी हाक मारली म्हणून हळदीला गेली. मशीनजवळ मी एकटा. त्या लावणीत मधे एक जागा होती, बाई एकदम आवाज खाली आणते आणि ढोलकी थांबते. ती मला परत ऐकायची होती. मी सुई उचलायला गेलो आणि बोट घसरलं. सुई रेकॉर्डवरून आडवी गेली. कर्ण्यातून कापड फाटल्यासारखा आवाज आला, पण तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली होती, कुणाचं लक्ष गेलं नाही. मी सुई परत ठेवली आणि पंगतीत जाऊन बसलो. जिलबी होती. ती मी खाल्ली, हेही आठवतं.

चार दिवसांनी दुसऱ्या सुपारीत रेकॉर्ड त्याच जागी उडायला लागली. तात्या घरी आले. रेकॉर्ड उजेडाकडं तिरकी धरून बघितली. कडेपासून आत गेलेला चरा स्पष्ट दिसत होता. "शेवटाला कुणी लावली हुती?" सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. ती काही बोलली नाही. तिनं फक्त स्वतःच्या हाताकडं बघितलं.

ते बघणं माझ्या डोळ्यापुढून गेलेलं नाही. तिला खरंच वाटलं की हे आपल्याच हातून झालं. सुई ठेवताना कुठंतरी कापला असंल, हळदीच्या घाईत लक्षात आलं नसंल. मी उंबऱ्यावर बसलो होतो. बोलायला दोन शब्द पुरले असते.

तात्यांनी तिला मारलंबिरलं नाही. एवढंच म्हणाले, "हिला मशीनजवळ येऊ देऊ नगा. पोरीच्या हाताचं काम न्हवं हे." आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनजवळची जागा मला मिळाली. कुळवावरची बढती ती खोटी, ही खरी.

रेकॉर्ड काही टाकून द्यायची नव्हती, नवी कोरी होती. तात्यांनी खिशातून चाराणे काढले आणि सुईच्या डोक्यावर रेक्झिनच्या चिकटपट्टीनं डकवले. उडायला लागलं की वजन ठेवायचं. चरा आला की "टक्" व्हायचं आणि गाणं पुढं जायचं. लोक खूश. सगळ्या रेकॉर्डी मग त्याच चाराण्याखाली वाजल्या, कारण काढघाल कोण करतंय?

मी पुढं मास्तर झालो. गणित शिकवलं, जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षं. आणि निवृत्तीच्या समारंभांत भाषणंही केली. आपल्याकडं अशा भाषणांत झिजण्याचं फार कौतुक असतं. चंदनाचं खोड झिजलं, समई जळाली, आई राबली. मीही हे सगळं म्हटलंय, टाळ्या घेतल्यात. पण घासलं की झिज ही येणारच, त्यात कौतुक कसलं? प्रश्न एवढाच की झिजायचं कुणी, आणि ते ठरवलं कुणी.

जुन्या लाखेच्या तबकड्यांपुरतं हे कुणीतरी नीट ठरवलं होतं. तबकड्यांची लाख बहुतेक आपल्याच देशातली, छोटा नागपूरच्या रानातली. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांची. त्या लाखेत मुद्दाम बारीक दगडाची पूड घालत. फोनोचा साऊंड बॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचा, एवढ्या भाराखाली पोलादी पिन आणि खाच यांची गाठ. तर पूड अशासाठी, की पहिल्या काही फेऱ्यांतच पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी आणि बाकीची बाजू तिनं सुरळीत वाजवावी. मग ती पिन टाकून द्यायची. एक बाजू, एक पिन. डबीत दोनशे पिना यायच्या. म्हणजे दोघांपैकी स्वस्त कोण, बदलता येण्याजोगं कोण, ते बघून झिज त्याच्या वाट्याला दिली होती. आमचे तात्या तीच पिन दगडावर घासून चार-पाच बाजूंना वापरायचे, आणि मग त्या काटकसरीची किंमत तबकडी द्यायची. ते सोडा.

प्लॅस्टिकच्या रेकॉर्डी आल्या आणि हिशेब उलटा झाला. सुई नीलमाची, पुढं हिऱ्याची. म्हणजे घासायला सगळ्यात कठीण वस्तू आणि घासून घ्यायला मऊ वस्तू. सुईही झिजते, पण झिजली की तिला धार येते, आणि मग ती छिन्नीसारखी खाच तासत जाते. गाणं ज्याच्या अंगावर कोरलंय तेच आता सोसायचं. आणि वरनं कळतही नाही. चाराणे ठेवल्यावर गाणं जास्तच सुरळीत वाजतं, हीच तर त्यातली गोम आहे. न उडणारी रेकॉर्ड बघून सगळ्यांना वाटतं, चांगलं चाललंय. आक्का पुढं दोन वर्षांनी, सतराव्या वर्षी लग्न करून गेली, तेव्हा सगळा गाव म्हणाला, पोरगी गुणाची, तोंडातून शब्द नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलानं पुण्यात जुन्या बाजारातून एक टर्नटेबल घेतलं आणि गावी आणलं. मला म्हणाला, "दादा, तात्या आजोबांची पेटी माळ्यावर आहे ना? लावून बघू." जत्रेचे दिवस होते, आक्का माहेराला आली होती. ती सोप्यात शेंगा फोडत बसली आणि आम्ही बापलेक त्या यंत्राशी झटत बसलो.

आधी पाया. चाकाचं ताट पाण्यासारखं सपाट हवं. गवंड्याची पाणसळ शेजारून आणली. आमच्या सोप्याची फरशी एका अंगाला कललेली, ती पाणी जावं म्हणून मीच करून घेतलेली. एका पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून बुडबुडा मधे आणला. आक्का शेंगा फोडता फोडता म्हणाली, "पाट हालतूय गुरुजी." मी निवृत्त झाल्यापासून ती मला गुरुजीच म्हणते, चिडवायला. पाट खरंच हलत होता. काढला आणि दगडी जात्याच्या तळीवर सगळं मांडलं.

मग कार्ट्रिज. नखाएवढी डबी, तिच्या पोटात चुंबक आणि तारेची वेटोळी, खाली काडीला लागलेली सुई. मागं चार काड्या, त्यांना चार रंगांच्या बारीक तारा. पांढरी आणि निळी डाव्या कानाची, तांबडी आणि हिरवी उजव्या कानाची. माझे हात आता थोडे थरथरतात, ते काम पोरानं चिमट्यानं केलं. दोन स्क्रू बसवले, पण आवळले नाहीत. कारण खरी गंमत पुढं आहे.

रेकॉर्ड कोरताना कोरणारं हत्यार कडेपासून मध्याकडं सरळ रेषेत जातं. वाजवणारा हात मात्र एका बाजूला खिळलेला, त्यामुळं सुई जाते ती कमानीत. सरळ रेषेवर कमान ठेवली तर ती सगळीकडं कशी जुळावी? जुळते ती फार तर दोन ठिकाणी. बाकी सगळीकडं सुई खाचेला थोडी तिरकी बसते. हात थोडा लांब ठेवून, डोकं थोडं वाकवून हा तिरकेपणा कमी करता येतो, पण घालवता येत नाही. १९३८ मध्ये लोफग्रेन नावाच्या स्वीडिश माणसानं याचं गणित मांडलं, आणि थोड्या वर्षांनी बेरवाल्डनं. आज जो छापील कागद चाकावर ठेवून कार्ट्रिज जुळवतात, त्यावरचे दोन ठिपके याच गणितातून आलेले आहेत. मध्यापासून एक सहासष्ट मिलिमीटरवर, दुसरा साधारण एकशेएकवीसवर.

जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला हे वाचून झोप लागली नाही. कारण या लोकांनी चूक काढायचा प्रयत्नच केला नाही. चूक राहणार हे धरून त्यांनी ती वाटली कशी जाईल ते बघितलं. आणि सारखी नाही वाटली. रेकॉर्डीच्या कडेला एका फेरीला जागा मोठी असते, मध्याजवळ तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहूनही कमी लांबीत कोंबलेलं असतं. तिथं थोडा तिरकेपणासुद्धा जास्त बोचतो. म्हणून जिथं जागा कमी तिथं चूक कमी जाईल, असं माप धरलं. ज्याच्याकडं ऐस जागा आहे त्यानं थोडं जास्त सोसावं.

आमच्या घरात चूक वाटली गेली ती नेमकी उलटी. मला शाळा होती, सायकल होती, पुढं तालुका होता. मी ती चूक आरामात सोसली असती. दोन थपडा खाल्ल्या असत्या आणि आठवड्यात विसरलो असतो. आक्काकडं जागा केवढी? एक धोतराचा तुकडा आणि एक सुई. माझी चूक तिच्या तेवढ्या जागेत कोंबली गेली. तात्यांना मी दोष देत नाही, त्यांना जे दिसलं त्यावरून ते बोलले. मला दिसत होतं.

कागदावरच्या दोन्ही ठिपक्यांवर सुई सरळ बसेपर्यंत आमचा दीड तास गेला. एका ठिकाणी जुळवावं तर दुसरीकडं हलतंय. आरसा खाली ठेवून डोकं डावी-उजवीकडं कललंय का तेही बघितलं. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका उभ्या रेषेत हवं. मग स्क्रू आवळले, आणि आवळतानाच थोडं सरकलं, ते परत. आक्का हसली. म्हणाली, "नवरीला बाशिंग बांदताना बी एवढा येळ लागत न्हाय."

राहिला भार. हाताच्या मागच्या टोकाला एक गोल वजन असतं, ते फिरवून मागंपुढं करायचं. आधी असं जुळवायचं की हात हवेत तरंगला पाहिजे, वरही नाही खालीही नाही, रिकाम्या तागडीसारखा. तिथून वजन पुढं घेत सुईवर नेमका हवा तेवढा भार द्यायचा. आमच्या कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलं होतं, १.८ ते २.२ ग्रॅम, मधे २. दोन ग्रॅम म्हणजे सोनाराच्या काट्यावरचं माप. पण सुईचं टोक एवढं बारीक की त्या टोकाखालचा दाब मोटारीच्या टायरखालच्या दाबापेक्षा कितीतरी पट भरतो.

पोरगं चहाला उठलं तेवढ्यात मी भार एक ग्रॅमवर आणून ठेवला. का, ते उघड आहे. मनात ते चाराणे होते. या घरात पुन्हा कुणावर भार नको. पेटीतली एक बरी रेकॉर्ड लावली. तर आवाज फुटका, चिरका, मोठ्या सुरात सुई थरथरते आणि "स" म्हटलं की फुसकारा येतो. मला वाटलं रेकॉर्डच गेलेली. पोरगं आलं, आकडा बघितला आणि त्यानं घाईनं हात उचलला. म्हणालं, "दादा, हे तर जास्त वाईट. भार कमी पडला की सुई खाचेत बसत नाही. एका भिंतीवरून दुसरीवर आपटत जाते आणि दोन्ही भिंती फोडते. थोडा जास्त भार परवडला, कमी नाही."

मी कागद वाचला. तसंच होतं.

हे मला माहीत नसावं याचं नवल वाटलं, कारण कुरीवर मी उभा राहिलेला माणूस आहे. पेरताना कुरी दाबली तर बी खोल जातं आणि उगवत नाही. सैल सोडली तर बी वर पडतं, चिमण्यांचं होतं. दोन्हीकडं बी वायाच. पण तात्यांच्या दाबाखाली वाढल्यावर मी ठरवून टाकलं होतं की दाब वाईट आणि हलका हात चांगला. आयुष्यभर तसाच वागलो. आक्काला दिवाळीला लुगडं पाठवलं, तिच्या पोरांच्या फिया भरल्या, तिच्या दुखण्यात पैसे दिले. पण तिच्याजवळ बसून कधी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. तिला त्रास नको, जुनं उकरायला नको, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर तिच्यावर भार नको म्हणून नव्हतं ते. एका भिंतीवरून दुसरीवर आपटत पन्नास वर्षं काढली, पण खाचेत बसलो नाही.

दोन ग्रॅम मोजायचे तर काटा हवा. पोरानं मागवलेला आला नव्हता, आणि त्या गोल वजनावरच्या आकड्यांवर त्याचा भरवसा नव्हता, कारण ते वजन म्हणे या हाताचं मूळचं नाही. तेवढ्यात माळ्यावरून काढलेल्या तात्यांच्या प्लेअरकडं माझं लक्ष गेलं. सुईच्या डोक्यावर, वाळून कडक झालेल्या चिकटपट्टीखाली, ते चाराणे अजून तसेच. चाराण्याचं नाणं २०११ साली सरकारनं बंद केलं. व्यवहारातून गेलं, पण वजन कुठं जातंय? ते अडीच ग्रॅम. मी फूटपट्टी घेतली, पेन्सिलीवर मधोमध तोलली. मध्यापासून आठ सेंटीमीटरवर चाराणे ठेवले, दुसऱ्या बाजूला दहा सेंटीमीटरवर सुई टेकवली. अडीच गुणिले आठ वीस, दोन गुणिले दहा वीस. पट्टी आडवी राहिली की सुईवर दोन ग्रॅम. सातवीच्या पोरांना तरफ शिकवताना हे उदाहरण मला सुचलं असतं तर बरं झालं असतं. नाणं झिजून चिमूटभर हलकं झालं असेल, तेवढं मी सोडून दिलं.

मग राहिला तो आतला ओढा. चाक फिरतं, डोकं वाकडं, त्यामुळं हात सारखा मध्याकडं ओढला जातो, मळणीच्या पातीतला बैल तिवड्याकडं सरकतो तसा. त्याला बाहेर ओढणारी बारीक कमान असते, तिचा आकडाही दोनवर ठेवला. बरी रेकॉर्ड परत लावली. आवाज असा आला की मी आणि पोरगं एकमेकांकडं बघत राहिलो. आक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"ती हाय का रं पेटीत?" तिनं विचारलं.

कुठली ते विचारायची गरज नव्हती. पाकीट वाळवीनं अर्धं खाल्लेलं, रेकॉर्ड पांढुरकी. आक्कानं साडीचा पदर ओला केला, पिळला आणि पुसली, खाचेच्या दिशेनं. पोरगं ब्रश आणि बाटली घेऊन उभंच राहिलं. "आत्या, तुम्हीच लावा," म्हणालं. तिनं मान हलवली. "आमचा हात न्हाय बाबा त्यातला."

पोरानं लावली. घासलेली होती, मोठ्या सुरात बाईचा आवाज फाटत होता. चाराण्याखाली वाजलेल्या दोन-तीनशे सुपाऱ्या त्यात ऐकू येत होत्या. पण होती. ढोलकी थांबायची जागा जवळ आली, आणि टक्. परत मागं. टक्. परत मागं. बाई आवाज खाली आणायला जाते आणि तिथूनच मागं येते.

"चाराणं ठिव की," आक्का म्हणाली.

पोरगं म्हणालं, "नको आत्या. साडेचार ग्रॅम होतील. रेकॉर्ड आहे तीही जाईल, आणि सुई पण. मी पुण्याला नेऊन नीट कॉपी करून घेतो, कॉम्प्युटरवर तो टक् काढता येतो. मग मोबाइलवर कितीही वेळा ऐका." त्याचं बरोबर होतं. ती रेकॉर्ड आता कुठं मिळणार?

"कवा आणशील?"

"पुढच्या महिन्यात."

"पुढच्या म्हैन्यात मी कुटं आसंन? ह्या बाईला मी ततनं फुडं पन्नास वर्सं ऐकली न्हाय. जपून ठिवून कुणासाटी ठिवताय?"

मी मधे पडणार होतो. पोराच्या बाजूनं, हे कबूल करतो. वस्तू राहिली पाहिजे, असं माझं शिकलेलं मत. मग लक्षात आलं, की या रेकॉर्डीपाशी आक्कानं काय करावं आणि काय करू नये, हे मी दुसऱ्यांदा ठरवायला निघालो होतो.

चाराणे पट्टीवर होते. मी उचलले आणि आक्काच्या हातावर ठेवले. आणि तसंच, बसायच्या आधीच, सांगून टाकलं. की तो चरा माझा. की तू हळदीला गेली होतीस आणि मी सुई उचलायला गेलो. की त्या दिवशी मी उंबऱ्यावर होतो.

पोरगं एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागलं. चाक फिरत होतं. टक्. टक्. आक्का नाण्याकडं बघत होती, की हाताकडं, ते मला कळलं नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हंजी हात माजा चांगला हुता."

मी हो म्हणालो.

तिनं पोराला बाजूला सरकवलं. हात उचलला, चाराणे डोक्यावर मधोमध ठेवले, पदरानं सुईखालची धूळ काढली आणि सुई कडेवर ठेवली. एकदम गाणंच सुरू झालं.